कुंकवाखालची ओळ

त्या वैशाखात आमच्या घरातला कूलर दिवसातून तीनदा बंद होत असे, आणि दर वेळी दादा माझ्याकडे असा बघे की जणू मी भर उन्हात विहिरीचा दोर कापला आहे. बालाघाटचा वैशाख कुणाची गय करत नाही. कूलर थांबला की वाळ्याच्या ओल्या ताट्यांचा गारवा दोन मिनिटांत विरून जाई, आणि तापलेल्या फरशीचा, रस्त्यावरच्या धुळीचा, लाकडी कपाटातल्या जुन्या वार्निशाचा कोरडा वास खोलीभर पसरे. त्या वासात घाम पुसत बसून मी एका तबकडीतला खरखराट शोधत होते.

तबकडी लहानशी, सात इंची, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या घेणारी. दोन्ही बाजूंना दोन-दोन भजनं. आईच्या मामांची खंजिरीभजनाची मंडळी होती. राजेगावपासून गोंदियापर्यंत तिला मागणी असे. एका छोट्या कंपनीने, जिचं आता नावही उरलेलं नाही, त्यांना नागपूरला बोलावून ही तबकडी काढली. वेष्टनावर मामांचा फेट्यातला फोटो आहे. खाली त्यांचं नाव, खंजिरीवाल्याचं नाव, पेटीवाल्याचं नाव आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून टाकल्यासारखे दोन शब्द: ‘आणि साथी’. हे साथी म्हणजे मागे उभ्या राहून झील धरणाऱ्या तीन मुली. त्यांतली सोळा वर्षांची मुलगी माझी आई.

आईचं म्हणणं असं, की पहिल्या बाजूच्या दुसऱ्या भजनात, दुसऱ्या कडव्याची शेवटची ओळ ती एकटी म्हणते. ऐन वेळी एकीला ठसका लागला, दुसरी तिच्याकडे बघून हसू दाबत राहिली, मामांनी डोळे वटारले आणि आई एकटीच ओळ पूर्ण करून गेली. पुन्हा ध्वनिमुद्रण करण्याइतका वेळ कंपनीकडे नव्हता, म्हणून ती तशीच राहिली. लग्नानंतर बाबांनी एक जुना प्लेअर आणला तो ही ओळ ऐकण्यासाठीच. त्यांनी ती ऐकली होती, असं आई सांगे. आम्ही भावंडांनी मात्र कधी ऐकली नाही. आम्हाला कळू लागलं तेव्हा त्या जागी तेलात मोहरी पडावी तसा तडतडाट होता, आणि त्याखाली ओळ आहे की नाही हे देवालाच ठाऊक.

दादाला एवढं पुरलं. घरी पाहुणा आला की तो आईची ओळख करून देई: आमची आई मोठी गायिका, फक्त ऐकू येत नाही. हा विनोद त्याने चाळीस वर्षं केला. विनोद इतका शिळा झाला की पाहुणेही आधीच हसून मोकळे होत.  आईची एक सवय आहे. बोलण्याआधी ती दातांच्या फटीतून ‘स्स्’ असा श्वास आत ओढते. लहानपणी तो ‘स्स्’ कानावर आला की आम्ही हातातलं टाकून उभे राहत असू, कारण त्यामागून काय येणार ते पाठीला ठाऊक असे. दादाच्या या विनोदावर मात्र तो श्वासही कधी आला नाही.

चार वर्षांपूर्वी आईच्या गळ्यातली गाठ काढली आणि गाठीबरोबर तिचा आवाज गेला. आता ती बोलते ते नुसत्या हवेने. कोरड्या पानांवरून कुणी पाऊल घासत न्यावं तसं. त्याच सुमारास एकदा तिने मला जवळ बसवून सांगितलं, “ते ओळ काढून दे मले. याले एक डाव ऐकवाची आहे.” याले म्हणजे दादाला. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली बहुधा ही एकमेव गोष्ट. मी नोकरीतून निवृत्त होईपर्यंत ती टाळली, आणि मग निवृत्तीच्या पैशांतून नागपूरहून नव्या सुईचा एक प्लेअर आणि तो लॅपटॉपला जोडणारी एक छोटी पेटी घेऊन आले. मी नागपुरात मराठी कवितेत एम. ए. केलं आणि इथे, हिंदी मुलखात, येऊन तीस वर्षं मुलींना हिंदी शिकवलं; माझ्या व्यवहारज्ञानाची कल्पना एवढ्यावरून यावी.

या विषयातले पंडित इंटरनेटवर ढिगाने आहेत. त्यांतला एक दाढीवाला परदेशी गृहस्थ पांढरे हातमोजे घालून तबकडीला असा हात लावी की वाटावं, ती आत्ताच बाळंत झाली आहे. तबकडीच्या आवाजाला तो पुन्हा पुन्हा ‘ऊबदार’ म्हणे. आमच्याकडे दुपारी तीन वाजता तबकडी उन्हाच्या तिरिपेत विसरली तर पापडासारखी वाकून तिची वाटी बनते. त्या गृहस्थाला ही ऊब पार्सलने पाठवावी असं मला फार वाटे. पण त्याच्याकडून एक शहाणपण मिळालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सुई उचलून धरा, तो म्हणाला. तरीही आवाज येत राहिला तर तो तबकडीत नाही.

मी सुई उचलली. आवाज येतच राहिला. एक जाड, सलग घूं, जणू कुणी भिंतीच्या आत भुंग्याचं पोळं बसवलं आहे. लॅपटॉपच्या चार्जरची तार काढली तेव्हा भुंगे निम्मे झाले. उरलेले कुठून येतात हे शोधता शोधता मी घराच्या अर्थिंगपर्यंत पोहोचले आणि तिथे दादाच्या स्वाभिमानाला हात लागला. दादा सरकारी नोकरीतून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेला. त्याने बांधलेलं काही बिघडू शकतं ही कल्पना त्याच्या मेंदूत शिरायला दारच नाही.

“या घराचं अर्थिंग म्या सोता उभं राहून केलं,” तो म्हणाला. “कोळसा टाकला, मीठ टाकलं. तुह्या पेटीतच खोट आहे.”

कोळसा टाकला होता, मीठही टाकलं होतं. फक्त त्या खड्ड्याला पाणी लागतं, हे ओव्हरसियरसाहेब विसरले होते. आणि ते पाणी वीस वर्षं आई घालत होती, तेही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. तांब्याची पट्टी पुरली होती ती अंगणातल्या तुळशीच्या बुडाशी. आई रोज सकाळी तुळशीला पाणी घाली, माती ओली राही. गुडघे गेल्यापासून तिची तुळस ओट्यावरच्या कुंडीत आली, आणि जुन्या जागी हाताचं बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. मी त्या भेगांत दोन बादल्या पाणी ओतलं. मातीने ते असं गट्ट केलं की तिचा घोट ऐकू आला. तासाभराने सुई उचलून धरली तेव्हा भिंतीतले भुंगे जवळजवळ उडून गेले होते. दादाने कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, की व्होल्टेज सुधारलं असेल.

रस्त्यावरून मँगनीजचे ट्रक जातात. त्यांची धडधड जमिनीतून टेबलात, टेबलातून सुईत शिरे आणि भजनाच्या पोटात कुणाचं तरी आतडं गुरगुरल्यासारखी वाजे. मी सायकलची जुनी ट्यूब अर्धवट फुगवून टेबलावर ठेवली, तिच्यावर एक जड फरशी आणि फरशीवर प्लेअर. दादा येऊन बघून गेला आणि मला सायकल शिकायची असेल तर वय झालं म्हणाला. गुरगुर मात्र गेली. कूलरचा पंखा, छताचा पंखा, फ्रीज, हे सगळं बंद केल्यावर मागे उरला तो मूळचा खरखराट, ज्याच्यासाठी एवढा उपद्व्याप.

आणि तो सलग नव्हता. टक्. मग सव्वा सेकंद शांतता. पुन्हा टक्. दर फेरीला एकदा, त्याच जागी; पुढे सरकत दुसऱ्या कडव्याशी आला की टक् टक् टक् असा थवा होऊन जाई. म्हणजे दोष तारेत नव्हता, तबकडीच्या अंगावर होता. मी लेबलवर कागदाचा कपटा चिकटवला, कुठली जागा सुईखाली आली की आवाज होतो ते पाहिलं, आणि कवितेच्या एम. ए.ला शोभेल इतक्या उशिराने मला ते दिसलं, जे मी जन्मापासून बघत आले होते.

कुंकू.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. विळा, कुऱ्हाड, पावशी, शिलाईचं मशीन, दादाची मोटारसायकल, आमची पाठ्यपुस्तकं, सगळं पाटावर मांडायचं आणि प्रत्येकाला हळदीकुंकू लावायचं. घर चालवणारी वस्तू ती देव, असा सरळ हिशेब. प्लेअर आला त्या वर्षी तोही पाटावर आला आणि त्याच्यावर ही तबकडी. त्या ओळीची जागा आईला नेमकी ठाऊक होती. बाबांनी सुई उचलून बोटाने दाखवली होती. तिथे आईने अनामिकेने ओल्या कुंकवाचा एक टिळा लावला. दुसऱ्या वर्षी त्यावर दुसरा. पूजेचं पुसायचं नसतं, म्हणून पहिला तसाच. वर्षं गेली, टिळ्यावर टिळे बसले, वाळले, तडकले, आणि जुन्या प्लेअरच्या नांगरासारख्या सुईने ते रेघांच्या आत भरडून टाकले. विळ्याला कुंकवाने काही होत नाही. कुऱ्हाडीला होत नाही. पण केसाहून बारीक खाचेत साठवलेल्या आवाजावर दर वर्षी ओल्या कुंकवाचा गिलावा करणारी माणसं आमच्याशिवाय या पृथ्वीवर कुठे असतील असं मला वाटत नाही. आईने स्वतःच्या आवाजाची पूजा करून करून तो पुरला होता, आणि तोही नेम न चुकता.

मी हसले. ते हसू चांगलं नव्हतं, हे मला आता कबूल आहे. तबकडी घेऊन मी आईच्या खाटेशी गेले, तिला तो लाल खरपुडा दाखवला आणि म्हटलं, हे पुसलं की तुझी ओळ वर येईल, पाच मिनिटांचं काम.

तिने तबकडी माझ्या हातातून काढून घेतली.

“स्स्. तुहे बाबा गेले तवा बायाईनं पुसलं माहं,” ती म्हणाली. “ते एक डाव झालं. आता या घरातलं कुंकू कोणी पुसाचं नाही.”

 बाबा गेले त्या दिवसाच्या आठवणीत माझ्याकडे अंगणभर चपला आहेत, उकळत्या चहाचा धुरकट वास आहे, आणि शेजारच्या एका बाईचा ओला अंगठा आहे, जो आईच्या कपाळावरून आडवा फिरला. आई तेव्हा त्या बाईकडे बघत होती, एखादी मोलकरीण नीट भांडी घासते की नाही हे बघावं तशी. मी कोपऱ्यात उभी होते. 

म्हणून मी भेकडांचा रस्ता धरला. तबकडी जशी होती तशी, टक्-टकीसकट लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि ती फाइल पेनड्राइव्हवर घालून गोंदियाला एका स्टुडिओत गेले. तिथे लग्नांचे व्हिडिओ आणि देवीच्या जसांचे, म्हणजे गाण्यांचे, अल्बम तयार होतात. भिंतींवर अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, जांभळा दिवा, अगरबत्ती आणि गुटख्याचा मिसळलेला वास. मालकाने फाइल पाच सेकंद ऐकली. पाचच. मग खुर्ची माझ्याकडे फिरवून, टेंशन घेऊ नका, एकदम मक्खन करून देतो म्हणाला. मी त्याला दुसऱ्या कडव्याची ओळ सांगायला लागले, तर त्याने हात वर करून थांबवलं. सॉफ्टवेअरला सगळं समजतं, मॅडम. ज्याला स्वतःला काही समजून घ्यायचं नसतं त्याला अशा सर्वज्ञ नोकराचा फार उपयोग होतो.

चार दिवसांनी पेनड्राइव्ह परत आला. कूलर बंद केला, आईला उशी देऊन बसवलं, दादा बनियनवर येऊन दाराशी टेकला. मी फाइल लावली.

खरखराट गेला होता, त्यात वाद नाही. एकही टक् नव्हती. पण खंजिरीच्या झांजांची किणकिणही गेली होती. मामांच्या आवाजाच्या कडा तासून गुळगुळीत केल्या होत्या. ज्या खोलीत ते गायले त्या खोलीची हवा उपसून टाकली होती. फिनाइलने पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीसारखी शांतता, आणि तिच्यावर अनवाणी चालणारं एक भजन. दुसरं कडवं आलं. शेवटच्या ओळीच्या जागी वैनगंगेच्या डोहाखालून कुणी हाक मारावी तसे दोन-चार बुडबुडे उठले, आणि मग काहीच नाही. मामा थेट पुढच्या कडव्याला लागले.

मी तिथल्या तिथे स्टुडिओत फोन लावला. आईला ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. हा माझा मूर्खपणा की शहाणपणा, हे अजून ठरलेलं नाही. मी म्हटलं, त्या जागी एका बाईचा आवाज होता.

“तिथी तं काहीच नव्हतं मॅडम,” तो अगदी सज्जनपणे म्हणाला. “सिर्फ कचरा होता. म्या काढून टाकला.”

फोन बंद झाल्यावर दादा म्हणाला, “घ्या. आता तं मशीननंही सांगतलं.”

कुणी हसलं नाही. दादाही अर्ध्यातच थांबला. आईने समोरच्या लॅपटॉपकडे बराच वेळ बघितलं, अगदी त्याच नजरेने, जिने एकदा त्या शेजारणीच्या अंगठ्याकडे बघितलं होतं. बाहेर एक ट्रक गेला. कपाळावरचा घाम तिने पदराने टिपला.

“स्स्. आण वं पाणी.”

मला वाटलं, तिला तहान लागली. मी पेला भरून आणला. तिने मान हलवली आणि उशीखालून तबकडी काढली. एवढे दिवस ती तिथेच होती.

“याच्यासाठी,” ती म्हणाली. “माहं बोट लागलं होतं, माहंच बोट काढन.”

मी पेट्रोलपंपावरून बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आणलं होतं, ते परातीत ओतलं, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. लेबल भिजू नये म्हणून तबकडीच्या मधोमध स्टीलची वाटी पालथी घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. आईने स्वतःच्या जुन्या लुगड्याचा एक तुकडा बोटाला गुंडाळला. रेघांच्या दिशेने, गोल, हळू पुसायचं, आडवं नाही, असं मी सांगू लागले तर तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. साठ वर्षं भाकरी थापलेल्या हाताला गोल म्हणजे काय ते सांगायची गरज नव्हती.

पहिल्यांदा काही निघालं नाही. मग साबणाच्या पाण्यात कुंकू जागं झालं, आधी होतं त्याहून गडद, जवळजवळ काळसर लाल, आणि त्यातून हळदीचा, थोडा चुन्याचा, देवघराच्या कोनाड्यातला जुना वास वर आला. आई एकेका वर्षाचा थर काढत होती. कपडा तीनदा बदलला. ती काही पुटपुटत नव्हती, रडतही नव्हती. मला ठाऊक आहे, अशा वेळी लेखिका रडवतात. तिचा सगळा जीव त्या बोटाच्या टोकाशी होता. शेवटी काळ्या अंगावर एक फिकट, ओरखड्यांची जागा तेवढी उरली. ती जाणारी नव्हती.

मी परात उचलून मोरीकडे निघाले तर तिने अडवलं. पूजेचं पाणी मोरीत जात नाही. म्हणून ते तांबडं पाणी मी अंगणात जुन्या तुळशीच्या जागी, दादाच्या अर्थिंगवर ओतलं. दादा बघत होता. आता व्होल्टेज आणखीच सुधारेल, असं मी म्हटलं. 

तबकडी संध्याकाळपर्यंत सावलीत वाळली. मग सगळं पुन्हा: कूलर बंद, पंखा बंद, चार्जर बाजूला, ट्यूबवर फरशी. दादा कूलरच्या बटणावर हात ठेवूनच उभा राहिला. भजन तीन मिनिटांचं, संपलं की तत्काळ दाबता यावं म्हणून. मी सुई टेकवली.

खंजिरी वाजली आणि झांजा परत आल्या होत्या. टक् होती, दर फेरीला एक, पण आता ती दूरच्या अंगणात कुणी सुपारी फोडावी इतकी. मामांनी दुसरं कडवं उचललं. त्यांच्या मागे तीन मुलींची झील, पातळ, थोडी नाकातली. मग कुणालातरी ठसका लागला. तो ऐकू आला, स्पष्ट, आणि त्यापाठोपाठ, मामांचे शब्द संपण्याच्या आणि ओळ सुरू होण्याच्या मधल्या फटीत, दातांमधून आत ओढलेला एक श्वास.

स्स्.

दादाचा हात बटणावरून खाली आला. बासष्ट वर्षांचा माणूस, बनियनवर, पाठ ताठ करून दोन्ही हात बाजूला घेऊन उभा राहिला. त्याने तसं ठरवून केलं नाही. त्याच्या पाठीने केलं. पुढची ओळ सोळा वर्षांच्या मुलीने एकटीने म्हटली. आवाज हिरवट होता, चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखा आंबूस, धिटाईने उसना आणलेला, आणि शेवटच्या अक्षरावर किंचित खाली सरकलेला. सगळी मिळून सहा-सात सेकंद. मग तिघींचा आवाज पुन्हा एक झाला.

गोंदियाच्या त्या सर्वज्ञ सॉफ्टवेअरने जो कचरा म्हणून काढून टाकला होता, तो हा. पुढे त्या मालकाचा मला निरोप आला, की नवं व्हर्जन आलंय, याहून साफ करून देतो. 

आईने लॅपटॉपकडे बघितलंच नव्हतं. ती पूर्ण वेळ दादाकडे बघत होती.

“ऐकलं?” तिने विचारलं.

“हौ,” दादा म्हणाला.

“सूर उतरला माहा शेवटी. मामानं तवाच सांगतलं होतं.” ती थोडी थांबली. “अजून एक डाव लाव वं.”

मी सुई उचलून मागे नेली. खोलीत आता श्वास घेववत नव्हता, घाम पापण्यांवरून गळत होता. दादाने कूलरचं बटण तसंच सोडलं आणि तो खाटेच्या पायाशी, तापलेल्या फरशीवर मांडी घालून बसला.